कॉलेजातला सर्वोत्तम, एनबीएत नापास? एका लाडक्या समजुतीचा प्रतिवाद

अमेरिकेतील कॉलेज बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा मार्चमध्ये रंगात आली की एक विधान दरवर्षी नव्या उत्साहाने फिरू लागते. त्याचा आशय असा : वर्षातील सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरलेला माणूस एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, हमखास फिका पडतो, आणि ॲडम मॉरिसन, जिमर फ्रेडेट व टायलर हॅन्सब्रो हे त्याचे पुरावे आहेत, कॉलेजातले गुण दुबळ्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध मिळवलेले असल्याने त्यांना किंमत नसते, आणि ज्याने तीन-चार वर्षे कॉलेजात काढली त्याची वाढ तिथेच खुंटलेली असते. या बोलण्यात तथ्याचा अंश आहे, म्हणूनच ते इतकी वर्षे टिकले. मात्र त्याचा एकेक तुकडा सुटा करून पाहिला, तर हातात उरणारे तथ्य मूळ विधानाच्या मानाने फारच लहान निघते.

पहिला तुकडा पुरस्कारविजेत्यांचा. २००९ ते २०२४ या सोळा हंगामांत वर्षातील सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा नेस्मिथ पुरस्कार पंधरा पुरुष खेळाडूंना मिळाला, कारण परड्यू विद्यापीठाच्या झॅक ईडीने तो लागोपाठ दोनदा जिंकला. या पंधरांपैकी दहा जणांना एनबीएच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक प्रक्रियेत, पहिल्या दहांत निवडले गेले. अजिबात निवड न झालेला एकच, केंटकीचा ऑस्कर चीब्वे. ब्लेक ग्रिफिन, अँथनी डेव्हिस, झायन विल्यमसन आणि जेलेन ब्रन्सन हे चौघे पुढे ऑल-स्टार झाले, म्हणजे हंगामातील निवडक सर्वोत्तम खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडले गेले. कॉलेजांच्या सर्वोच्च श्रेणीत साडेतीनशेहून अधिक संघ आहेत, म्हणजे काही हजार खेळाडू. ड्राफ्टमध्ये निवड होते ती साठाच्या आसपास, आणि त्यातही परदेशांतून थेट आलेले वाटेकरी असतात. या गाळणीतून पंधरांपैकी चार ऑल-स्टार बाहेर पडत असतील, तर पुरस्कार म्हणजे अपशकुन हे म्हणणे टिकत नाही. फ्रँक मेसन आणि फ्रेडेट यांना एनबीएत स्थिरावता आले नाही हे खरेच आहे. परंतु यादीतील पडलेली नावे तेवढी पाठ करायची आणि उरलेली विसरायची, ही पद्धत मोजणीत बसत नाही.

हॅन्सब्रोबद्दल तर तक्रारच कळत नाही. २००८ चा सर्वोत्तम खेळाडू, २००९ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाबरोबर राष्ट्रीय विजेता, तेराव्या क्रमांकावर निवड आणि एनबीएत सात हंगाम. तो तारा झाला नाही, पण सात हंगाम जगातील सर्वांत कठीण लीगमध्ये नोकरी टिकवणाऱ्याला नापास ठरवायचे असेल, तर उत्तीर्ण होण्याची अट काय आहे ते आधी सांगावे लागेल.

आता गुणांकडे. इथे मात्र थोडे थांबले पाहिजे, कारण विधानाचा सर्वांत सबळ भाग हाच आहे. २००५-०६ मध्ये गोंझागाच्या मॉरिसनने सामन्यामागे २८.१ गुण मिळवून देशात पहिला क्रमांक पटकावला. २००८-०९ मध्ये डेव्हिडसन या छोट्या कॉलेजच्या स्टीफन करीने २८.६ गुणांसह आणि २०१०-११ मध्ये ब्रिगॅम यंगच्या फ्रेडेटने २८.९ गुणांसह तोच मान मिळवला. तिघांचे आकडे एका मापाचे आणि तिघांचे नशीब तीन तऱ्हांचे (करी तर एनबीएतील मोठा तारा झाला), तेव्हा केवळ गुणांच्या सरासरीवरून भविष्य कळत नाही, एवढे आक्षेप घेणाऱ्यांचे मान्य केले पाहिजे. मात्र त्यावरून कॉलेजची कामगिरी निरुपयोगी ठरत नाही. ती कोणत्या रकान्यात वाचायची एवढाच प्रश्न उरतो. २००८-०९ च्या हंगामात करी पॉइंट गार्डची, म्हणजे संघाच्या चाली रचणाऱ्याची, जबाबदारी सांभाळत सामन्यामागे ५.६ असिस्ट (सहकाऱ्याच्या बास्केटला थेट कारण ठरलेले पास) देत होता आणि जवळजवळ अडीच वेळा प्रतिस्पर्ध्याकडून चेंडू हिसकावत होता, तर मॉरिसनच्या असिस्टची सरासरी दोनच्याही खाली होती. चेंडू हातात नसताना मॉरिसनचा संघाला काय उपयोग, आणि बचावात तो कोणाला रोखणार, हे प्रश्न त्याच्या कॉलेजच्या आकड्यांतच लिहिलेले होते. शार्लटच्या एनबीए संघाने ड्राफ्टमध्ये तिसऱ्या क्रमांकावर त्याला घेतले तेव्हा २८.१ हा आकडा वाचला गेला, शेजारचा रकाना नाही. पहिल्या वर्षी त्याचे ३८ टक्केसुद्धा फटके बास्केटमध्ये गेले नाहीत आणि पुढच्या हंगामाआधी गुडघ्याचा अस्थिबंध फाटल्याने ते सबंध वर्ष वाया गेले. दुखापतीचा हा भाग विधान फिरवणारे सहसा सांगत नाहीत.

त्याच २००६ च्या ड्राफ्टमध्ये अकराव्या क्रमांकावर ड्यूकचा जे. जे. रेडिक होता. त्या वर्षीचा नेस्मिथ पुरस्कार मॉरिसनला नव्हे, रेडिकलाच मिळाला होता. तो पंधरा हंगाम खेळला. त्याच्याकडे असलेले एक कौशल्य, म्हणजे लांबून अचूक मारा, कोणत्याही संघात आणि कोणत्याही पद्धतीत चालणारे होते. कॉलेजात जे दिसले तेच एनबीएत दिसले, फक्त मोजक्या प्रमाणात.

दुबळ्या प्रतिस्पर्ध्यांचा मुद्दा एका वाक्यात निकाली निघावा : करी डेव्हिडसनचा आणि डेमियन लिलर्ड वेबर स्टेटचा, दोघेही लहान कॉन्फरन्सचे, म्हणजे कॉलेज संघांच्या दुय्यम गटांतले, आणि दोघेही एनबीएत तारे झाले. फरक प्रतिस्पर्ध्यांपेक्षा नियमांत अधिक आहे. एनबीएत तीन गुणांची रेषा कोपरे सोडता २३ फूट ९ इंचांवर असते, कॉलेजात ती दीड फुटाहून अधिक जवळ आहे. बास्केटखालचा रंगवलेला पट्टा एनबीएत १६ फूट रुंद असतो, कॉलेजात १२ फूट; आणि प्रतिस्पर्ध्याला न खेटता बचावपटूने त्या पट्ट्यात तीन सेकंदांहून अधिक काळ उभे राहण्यास एनबीएत मनाई आहे, कॉलेजात नाही. उंच सेंटरला, म्हणजे बास्केटजवळ खेळणाऱ्या खेळाडूला, कॉलेजात जो निवांतपणा मिळतो तो या नियमांतून येतो, आणि कोणाच्या खेळातून किती वजा करायचे हे याच हिशेबाने ठरवावे लागते.

वयाचा मुद्दा वरवर पाहता बिनतोड वाटतो. परंतु २००६ च्या ड्राफ्टपासून शाळेतून थेट एनबीएत जाण्याची वाट बंद झाली आणि अत्यंत गुणी मुले कॉलेजात एकच वर्ष काढून निघू लागली. मागे राहिलेल्यांत सरासरी गुणवत्ता कमी असणार हे उघड आहे. पण ही गटाविषयीची गोष्ट झाली, त्या गटातील एका खेळाडूविषयीची नव्हे. टिम डंकन वेक फॉरेस्टमध्ये चार वर्षे थांबला आणि नंतर त्याने पाच विजेतेपदे मिळवली. ड्रेमंड ग्रीन मिशिगन स्टेटमध्ये चार वर्षे खेळून २०१२ मध्ये पस्तिसाव्या क्रमांकावर गेला. २०१७ मध्ये तो एनबीएतील सर्वोत्तम बचावपटू ठरला. उलट २०१३ मध्ये क्लीव्हलँडने एका वर्षाच्या कॉलेज खेळावरून अँथनी बेनेटला थेट पहिल्या क्रमांकावर घेतले आणि त्याची एनबीए कारकीर्द चार हंगामांत संपली. व्हिलानोव्हाबरोबर दोन राष्ट्रीय विजेतेपदे आणि २०१८ चा नेस्मिथ पुरस्कार पदरी असूनही ब्रन्सनच्या आधी ३२ नावे पुकारली गेली. उंची कमी, वय जास्त, असे तेव्हाचे निदान होते. पावलांची शिस्त, दाटीत खांदा लावून जागा काढण्याची हातोटी आणि शेवटच्या मिनिटांतला थंडपणा हे तिन्ही गुण व्हिलानोव्हात तीन वर्षे उघड्यावर होते, आणि न्यूयॉर्कमध्ये त्याला मोठे केले तेही त्यांनीच. शिवाय २०२१ पासून कॉलेज खेळाडूंना आपल्या नावाचा व्यावसायिक मोबदला घेता येऊ लागल्याने, कॉलेजात थांबला म्हणजे कोणी विचारले नाही, हा अर्थही आता लागत नाही.

या सगळ्या आक्षेपांचा मारा अलीकडे एकट्या ईडीवर झाला. टोरांटोचा हा ७ फूट ४ इंचांचा सेंटर परदेशी विद्यार्थी असल्याने त्या व्यावसायिक मोबदल्याचा लाभ त्याला सहकाऱ्यांइतका सहज घेता येत नव्हता. विद्यार्थी व्हिसावर अमेरिकेत शिकलेल्या आपल्याकडच्या मंडळींना ही अडचण समजावून सांगायला नको. २०२३ मध्ये अव्वल मानांकन असलेला त्याचा संघ सोळाव्या मानांकनाच्या फेअरली डिकिन्सनकडून हरला, तेव्हा त्याची थट्टा झाली. तो ड्राफ्टमधून माघार घेऊन परत आला, सामन्यामागे २५.२ गुणांचा हंगाम खेळला आणि २०२४ च्या अंतिम सामन्यात कनेटिकटविरुद्ध पराभव होत असताना त्याने एकट्याने ३७ गुण मिळवले. मेम्फिसने नवव्या क्रमांकावर त्याला घेतल्यावर हा गेल्या शतकातला खेळाडू आहे, तो पळू शकणार नाही, असा सूर लागला. पहिल्या हंगामात सुमारे २१ मिनिटांत त्याने ९.२ गुण आणि ८.३ रिबाउंड (चुकलेल्या फटक्यानंतर मिळवलेले चेंडू) अशी सरासरी राखली आणि नवोदितांच्या पहिल्या सर्वोत्तम संघात स्थान मिळवले. कॉलेजातले २५ गुण ९ वर आले, कारण त्याच्यासाठी आखलेल्या चाली संपल्या; रिबाउंड मात्र खेळलेल्या वेळेच्या मानाने कमी झाले नाहीत. पुढे २०२५ च्या उन्हाळ्यात त्याच्या घोट्यावर शस्त्रक्रिया झाली. एवढ्या देहाचा भार पाय किती वर्षे पेलतील ही शंका रास्त आहे, पण ती परड्यूतल्या चार वर्षांच्या खेळावरची शंका नव्हे.