"एकदा इम्प्लांट बसवा आणि आयुष्यभर विसरा" म्हणे

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हा मेसेज तिसऱ्यांदा आला. म्हणे रूट कॅनलवर पैसे घालवू नका, दात काढून सरळ इम्प्लांट (जबड्याच्या हाडात स्क्रू आणि त्यावर दातासारखी कॅप) बसवा, तो आयुष्यभर टिकतो, कुणालाही चालतो, तीन दिवसांत पक्के दात मिळतात, ब्रिज (शेजारच्या दातांवर टेकवून बसवलेला दात) आणि कवळी आता जुनाट झाली. मी काही डेंटिस्ट नाही, पण बाबांच्या दातांपायी वर्षभर खुर्चीशेजारी बसून प्रश्न विचारलेत, त्यामुळे गप्प बसवेना.

"आयुष्यभर टिकतो." अर्धंच खरं. स्वीडनचे संशोधक ब्रोनमार्क यांनी 1965 मध्ये पहिल्या पेशंटला टायटॅनियमचे स्क्रू बसवले, ते त्याच्या मरेपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षांवर टिकले. दहा वर्षांनी शंभरातले नव्वदच्या वर जागेवर असतात हेही खरं. पण ते स्क्रूचं झालं! वरची कॅप झिजते, तिचा टवका उडतो, आतला छोटा स्क्रू सैल होतो. आणि टायटॅनियम किडत नसलं तरी हिरडी आणि हाड आपलंच असतं ना, तिथे घाण साचली की हिरडी सुजते, हळूहळू हाड झिजतं, आणि दुखत नाही म्हणून कळतही नाही. म्हणजे विसरायचं तर सोडाच, साफसफाई आणि चेकअप चालूच.

"रूट कॅनल म्हणजे पैसे वाया." हा मुद्दा सगळ्यात डोक्यात गेला. नीट रूट कॅनल करून वर कॅप घातलेला दातही इम्प्लांटच्या तोडीस तोड वर्षं टिकतो. शिवाय आपल्या दाताच्या मुळाभोवती बारीक तंतूंची गादी असते, तिच्यामुळे खडा चावला की जबडा आपोआप थांबतो, इम्प्लांट थेट हाडाला चिकटलेला असल्याने त्याला ती गादीच नाही. मूळ उभं चिरलंय किंवा वर धरायला काही उरलंच नाहीये, तर दात काढा की. पण वाचणारा दात कशाला?

"कुणालाही चालतो." नाही हो. शुगर कंट्रोलमध्ये असेल तर डायबेटीसवाल्यांनाही करतात, बाबांचं तसंच झालं, पण HbA1c (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) बघूनच. सिगारेट, तंबाखू, मशेरी चालू असेल तर फेल व्हायची शक्यता वाढते. हाडं ठिसूळ झाली म्हणून किंवा कॅन्सरसाठी झोलेड्रोनिक अ‍ॅसिडसारखी इंजेक्शनं घेतली असतील तर ते आधीच सांगा, जबड्याची जखम न भरण्याचा धोका असतो. आणि क्रिकेट खेळताना पंधराव्या वर्षी पुढचा दात गेला तर लगेच इम्प्लांट नको, कारण जबडा वाढतो, स्क्रू तिथेच राहतो, मग तो दात आत दबल्यासारखा दिसतो.

"तीन दिवसांत." स्क्रू हाडाला धरायला साधारण तीन ते सहा महिने लागतात. हाड चांगलं आणि स्क्रू घट्ट बसला तर काहींना लगेच दात लावतातही, पण ते सीटी स्कॅन बघून ठरतं, जाहिरात बघून नाही.

"ब्रिज, कवळी जुनाट." शेजारचे दोन दात निरोगी असतील तर ते घासून ब्रिज करण्यापेक्षा इम्प्लांट खरंच बरा, इथे मेसेज बरोबर आहे. पण त्या दातांना आधीच कॅप घालायची असेल तर ब्रिजने काम भागतं. सगळ्यात मागची दाढ गेली आणि बाकीच्यांनी नीट चावता येतंय, तर बऱ्याचदा काहीच न करणं हाही पर्याय असतो, तो कुणी सांगत नाही कारण त्याचं बिल होत नाही.

बाबांची खालची कवळी बोलताना उडायची, पण त्यांना बारा स्क्रू लागलेच नाहीत. पुढे दोन इम्प्लांट आणि त्यावर टिचबटणासारखी बसणारी कवळी, बास. खालच्या जबड्यात एकही दात नसेल तर सुरुवात इथूनच करावी असं 2002 मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात तज्ज्ञांनी मांडलं होतं. कोटेशन घेताना मात्र स्क्रू, कॅप आणि हाड भरायचं असेल तर तेही धरलंय का हे लिहून घ्या, आम्हाला पहिल्या ठिकाणी फक्त स्क्रूचा भाव सांगितला होता. बाबा आता भाकरी आरामात खातात, रात्री कवळी काढून ब्रशने घासतात. शेंगदाणे अजून कुटूनच लागतात.