साठ रुपयांचा कपलर

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर 'पर्यावरणपूरक जगण्याचे सोपे उपाय' येऊन पडले. बांबूचा टूथब्रश, स्टीलचा स्ट्रॉ, करवंटीचा बाऊल आणि 'प्लास्टिकला नाही म्हणा' असं छापलेली कापडी पिशवी. प्रत्येकापुढे खरेदीची लिंक. खाली अंगठे आणि हिरवी बदामं. मला सांगा, आपल्याकडे लिंबाचं सरबत स्ट्रॉने कधी प्यायचे हो? आणि कापडी पिशव्या माझ्याकडे 11 आहेत, सगळ्या कुठल्या ना कुठल्या समारंभात मिळालेल्या. बारावी विकत घेतली की पृथ्वी वाचणार म्हणे.

एरवी मीही अंगठा टाकून पुढे गेले असते. पण कालच मिक्सरचं प्रकरण झालं होतं, त्यामुळे डोकं तापलेलंच होतं.

मिक्सर आईचा. 1996 साली बाबांच्या दिवाळी बोनसमधून घेतलेला. मी पुण्यात बिऱ्हाड केलं तेव्हा तिने तो मला दिला. परवा दाण्याची चटणी करताना घर्र आवाज झाला. मोटर फिरतेय आणि पातं ढिम्म. अधिकृत म्हणवणाऱ्या सेवा केंद्रात घेऊन गेले. काउंटरवरच्या मुलाने उघडूनसुद्धा पाहिला नाही. "ताई, हे मॉडेल बंद झालं. एक्स्चेंजमध्ये टाका, नवा साडेचार हजारात बसेल." खोटं कशाला बोलू, मी जवळजवळ हो म्हटलं होतं. सहज आईला फोन केला तर ती म्हणाली, "अगं, कपलर गेला असेल. मी दोनदा बदललाय." कपलर म्हणजे मोटरचा फेरा जारच्या पात्यापर्यंत पोचवणारा दातेरी तुकडा.

मग गाठली बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. तिथल्याच एका बोळात दीड माणूस मावेल एवढं दुकान. काकांनी मिक्सर उलटा केला, खालून दांड्याच्या खाचेत स्क्रूड्रायव्हर अडकवला आणि वरचा कपलर पकडीने घड्याळाच्या दिशेने फिरवला. "याचा आटा उलटा असतो. लोक सुलटा पिळत बसतात आणि तोडून आणतात." झिजलेला कपलर त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. दात पार गुळगुळीत झालेले, म्हाताऱ्या माणसाच्या हिरडीसारखे. "जार अडकला की आधी हा मरतो, मोटर वाचते. त्यासाठीच असतो तो." कपलरचे 60 रुपये, मजुरी 50.

कळतंय का काय चाललंय ते? जो तुकडा मरायसाठीच बसवलाय तो मेला, म्हणून तांब्याच्या वेटोळ्यासकट अख्खी धडधाकट मोटर भंगारात घालायची. वर नव्या खोक्यातलं थर्माकोल घरात आणायचं. आणि संध्याकाळी बांबूच्या ब्रशने दात घासायचे!

सरकारने डिसेंबर 2022 मध्ये 'राइट टू रिपेअर'चं, म्हणजे वस्तू दुरुस्त करून घेण्याच्या हक्काचं, पोर्टल काढलं. चांगलं केलं. त्या काउंटरपर्यंत ते पोचलेलं दिसत नाही. त्या पोरावर चिडून उपयोग नाही म्हणा, त्याला वरून टार्गेट असणार.

आता कुणीतरी येऊन सांगेलच की जुनी यंत्रं वीज खातात. खातात. आमचा जुना पंखा 75 वॅटचा होता, नवे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, पंखे तीस वॅटच्या आसपास घेतात, म्हणून तो मी बदलला. झालं समाधान? पण मिक्सर दिवसातून पाच मिनिटं चालतो हो. त्यात कुठली वीज वाचवताय?

काका आणखी एक सांगत होते. कित्येक जण 'मिक्सर जळला' म्हणून येतात आणि बुडाचं लाल बटण उडालेलं असतं फक्त. फार लोड आला की ते बाहेर येतं. थोडा वेळ थांबून आत दाबायचं, बस. याचे ते पैसे घेत नाहीत. तेव्हा मिक्सर अचानक बंद पडला तर कृपा करून आधी पिन काढा आणि उलटा करून बघा.

लिहिता लिहिता कल्हईवाला आठवला. त्याचा भाता, नवसागराचा तो नाकात जाणारा धूर, आणि कापसाच्या बोळ्याने कथील फिरवलं की पातेलं आतून एकदम चांदीसारखं. आम्ही पोरं तासभर उकिडवे बसायचो. आणि बोहारणीशी आईची घासाघीस, दोन साड्या आणि एका पॅंटवर एक डबा, वर झाकणासाठी अजून एक शर्ट. याला तेव्हा कुणी पर्यावरण म्हणत नव्हतं. पैसे नव्हते म्हणून करायचो, हेही कबूल.

आणि मी काही फार मोठी शहाणी नाही. 2018 पासून राज्यात प्लास्टिक पिशव्यांना बंदी आहे, माझ्या त्या 11 पिशव्या दारामागे लटकतायत, आणि गेल्या मंगळवारी कोथिंबिरीची जुडी मी पातळ पिशवीतूनच घरी आणली. लाज वाटली. पण आणली.

निघताना काकांना विचारलं, शिकायला कुणी येतं का? "येतात की, मोबाईल शिकायला. मिक्सरला कोण येतंय?" असं म्हणून पुढच्या बाईंचा जार हातात घेतला.

तर लिंका नकोत. तुमच्या भागात बॅगेची चेन बदलणारा, कुकरचं हँडल बसवणारा, छत्रीच्या काड्या लावणारा कुणी असेल तर खाली लिहा. छत्रीवाला आधी सांगा. माझ्या छत्रीच्या दोन काड्या गेल्यात आणि पाऊस तोंडावर आलाय.