तांबट आळीची पाटी

गल्लीची नावं कशी बदलत गेली, हे एका लेखात वाचलं आणि आमची आळी आठवली. रत्नागिरीची टिळक आळी लोकमान्यांमुळे. १८५६ सालचा त्यांचा जन्म, ते नाव मानाचं. आमच्या गावची तांबट आळी मात्र कामावरून, तांब्याची भांडी घडवण्याच्या. लहानपणी हंड्यावरच्या ठोक्यांनीच जाग यायची, ठक ठक ठक, मग जरा थांबून एक बारीक ठोका. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचं ठरवलं, ते योग्यच; पत्ता सांगताना कुणाची मान खाली जाऊ नये. पण तांबट म्हणजे जात की कसब, यावर आमच्या घरी अजून एकमत नाही. नव्या पाटीखाली चिऱ्याच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, जुनं ‘तां’ दिसतं. तेवढं पुसू नका हो.