किल्लारीच्या भूकंपाचं ‘लाइव्ह’ प्रक्षेपण : खुलासा

‘३० सप्टेंबर १९९३ ला मराठी न्यूज चॅनलनं किल्लारीचा भूकंप पहाटेपासून लाइव्ह दाखवला’ असा मजकूर एका क्लिपसह लातूर-उमरग्याच्या ग्रुपवर फिरतोय. तो खोटा आहे. तेव्हा चोवीस तास मराठी बातम्या देणारं चॅनलच नव्हतं. ‘झी २४ तास’, ‘स्टार माझा’ आले २००७ मध्ये. टीव्हीवर मराठी बातम्या द्यायचं ते २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालेलं मुंबई दूरदर्शन, तेही ठरलेल्या वेळी. धक्का बसला पहाटे चारच्या सुमारास. आदल्या दिवशी गणपती विसर्जन करून माणसं गाढ झोपलेली होती. सुमारे १० हजार जीव गेले. ‘लाइव्ह’ची पट्टी लावलेली ती क्लिप कृपया पुढे पाठवू नका, ज्यांची माणसं ढिगाऱ्याखाली गेली, त्यांच्याही मोबाइलवर ती पोचते.