सूक्ष्मदर्शक नळीत मावतो कसा? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

आतड्याच्या आत सूक्ष्मदर्शक नेऊन पेशी तिथेच पाहण्याच्या तंत्रावर (कॉन्फोकल एंडोमायक्रोस्कोपी) मी लेख लिहिला होता, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. एवढ्याशा एंडोस्कोपच्या (शरीरात घालून आतलं बघायच्या नळीच्या) टोकाला सूक्ष्मदर्शक बसेलच कसा, हा तुमचा पहिला आक्षेप. दुसरा जास्त गंभीर आहे: माझा लेख वाचून तुमच्या धाकट्या भावाने डॉक्टरांनी सांगितलेली बायोप्सी (तपासणीसाठी आतला छोटा तुकडा काढणं) लांबवली.

पहिल्यात चूक माझ्या शब्दांची आहे, लेखात दुरुस्ती करतो. टोकाला असतं ते फक्त बारीक भिंग. लेसर, हलणारे आरसे, प्रकाश टिपणारा भाग हे सगळं खाटेशेजारच्या पेटीत. मधे काचेच्या हजारो तंतूंचा जुडगा. आपण सोलापूरकर, तेव्हा मागावरचंच सांगतो. ताण्याचे धागे फणीत ज्या क्रमाने भरले त्याच क्रमाने कापडात उतरतात. तसंच इथे प्रत्येक तंतूची जागा दोन्ही टोकांना तीच असते, म्हणून चित्र विस्कटत नाही.

पण नुसतं मोठं करून भागत नाही. वरखालच्या थरांतून परतणारा प्रकाश मिसळला की सगळं धुरकट दिसतं. यावरच्या उपायासाठी अमेरिकन शास्त्रज्ञ मार्विन मिन्स्की यांनी १९५७ मध्ये पेटंटचा अर्ज केला: प्रकाश एका वेळी एकाच बिंदूवर पाडायचा आणि परतीच्या वाटेवर बारीक छिद्र ठेवायचं. त्या बिंदूचा प्रकाश पार होतो, इतर थरांचा बहुतेक अडतो. मग पुढचा बिंदू, मग त्याच्या पुढचा. या जुडग्यात तर वेगळं छिद्रही लागत नाही, प्रत्येक तंतूचा गाभाच ते काम करतो. मला ही गोष्ट आजही फार सुंदर वाटते.

तपासणीच्या वेळी शिरेतून फ्लुरेसिन नावाचं चमकणारं रंगद्रव्य देतात. निळ्या लेसरखाली ते हिरवट चमकतं आणि मोठ्या आतड्यातल्या ग्रंथींची गोल तोंडं पडद्यावर ओळीने दिसू लागतात. (नंतर दिवस-दीड दिवस लघवी पिवळीधमक होते, घाबरू नये.)

आता बायोप्सी. माझे वडील अक्कलकोट रोडच्या एका कारखान्यात टॉवेल तपासायचे. इंचात किती धागे ते मोजायचं छोटं भिंग कापडाला टेकवायचे आणि श्वास रोखून मोजायचे. पण अख्ख्या ठाणावर कधी भिंग फिरवलं नाही. आधी नुसत्या डोळ्यांनी बघायचं, शंका येईल तिथेच भिंग. इथेही तेच. टोक आतड्याच्या अस्तराला टेकवावं लागतं, रुग्णाच्या श्वासानेही चित्र सरकतं. एका वेळी दिसतो तो भाग मिलिमीटरहून लहान, आणि खोली मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. शिवाय फ्लुरेसिनने पेशीचं केंद्रक रंगत नाही, आणि कर्करोग ओळखताना पॅथॉलॉजिस्ट (काढलेला तुकडा तपासणारे डॉक्टर) केंद्रक बारकाईने पाहतात. त्यामुळे बायोप्सीचा तुकडा नेमका कुठून घ्यायचा हे या तंत्राने कळायला मदत होते. तुकडा घ्यावा लागतोच.

हे मी मूळ लेखात ठळक लिहायला हवं होतं. भावाला कृपया आजच फोन करा, माझा हा मजकूर वाचून दाखवा आणि डॉक्टरांनी दिलेली तारीख पुन्हा घ्यायला सांगा.