आवड आहेच, सवडीचं बोलूया

मागच्या महिन्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर चार दिवस एकच विषय चालला होता. नाशिकच्या माझ्या वहिनीला गाण्याचा क्लास परत सुरू करायचाय. लग्नाआधी तिने गांधर्वच्या परीक्षा मध्यमा पूर्णपर्यंत दिल्या होत्या, मग लग्न, नोकरी, दोन मुलं, आणि आता बेचाळिसाव्या वर्षी तिला विशारदला बसायचंय. आठवड्यातून दोन संध्याकाळी, बुधवार आणि शुक्रवार, सहा ते साडेसात, एवढंच. त्यावर कुणी लिहिलं मोठीची दहावी होऊ दे मग बघ, कुणी लिहिलं ऑनलाइन कर की घरबसल्या, कुणी पहाटे पाचला उठायचा सल्ला दिला, आणि शेवटी आत्याने ते वाक्य टाकलं जे मी लहानपणापासून ऐकत आलेय, आवड असली की सवड मिळते. त्याला धडाधड अंगठे आले. वहिनीचा मात्र चार दिवसांत एकही मेसेज नाही.

मला ते वाक्य लागलं. कारण दुसऱ्या दिवशी आत्याने माझंच उदाहरण दिलं, बघा ती तिकडे नोकरी, दोन मुलं सांभाळून विणकाम शिकतेय, मनात असलं की होतं. मी अकरा वर्षं स्वीडनमध्ये, गोथेनबर्गला राहते, मुलं नऊ आणि पाच वर्षांची आहेत, आणि हो, दर मंगळवारी संध्याकाळी सहा ते नऊ मी हातमागावर बसते. पण ती सवड मी 'काढलेली' नाहीये. ती कुणीतरी दिलीय, आणि कुणी व कशी दिली ते सांगितल्याशिवाय माझं उदाहरण वहिनीच्या तोंडावर फेकणं मला मान्य नाही.

आधी इथला मंगळवार सांगते. पाच वाजता नवरा धाकट्याला बालवाडीतून आणि मोठीला शाळेच्या फ्रितीदसमधून (शाळा सुटल्यावर मुलांना सांभाळतात ते) घेऊन येतो. स्वयंपाक त्याचा, आंघोळी त्याच्या, दुसऱ्या दिवशीची बॅग त्याची. डबा नसतो, कारण इथे शाळेत दुपारचं गरम जेवण कायद्यानेच फुकट आहे, आणि रोज सकाळी उठून डबा भरायचा नसणं म्हणजे काय हे ज्या बाईने दहा वर्षं डबे भरलेत तिलाच कळेल. मी ऑफिसमधून परस्पर विणकामाच्या खोलीत जाते. घरी आल्यावर ओटा पुसलेला असतो, कधी नसतो, पण काय करायचं हे मला कुणी फोन करून विचारत नाही.

हे आधी असं नव्हतं. मोठीच्या वेळी रजा जवळजवळ सगळी मीच घेतली आणि नवरा तेव्हा 'मदत' करायचा. मदत म्हणजे दर दहा मिनिटांनी प्रश्न, लंगोट कुठेत, हिला भूक लागलीय का, कुठला स्वेटर घालू. माणूस चांगला, पण घराचा नकाशा माझ्याच डोक्यात. धाकट्याच्या वेळी तो पाच महिने एकटा घरी राहिला आणि मी कामावर गेले. पहिले दोन आठवडे त्याचे फोन येत होते, मग कमी झाले, मग थांबले. एका संध्याकाळी मी घरी आले तर दाराशी नवे बूट, मी विचारलं हे कधी, तर म्हणाला जुन्यात त्याची बोटं वळत होती, मोजून एक नंबर मोठे आणले. मुलाच्या पायाची वाढ माझ्याआधी त्याला कळली होती. मला त्या दिवशी रडू आलं, आनंदाने आणि थोडं सुटल्यासारखंही. अकरा वर्षांतलं सगळ्यात मोठं काय मिळालं विचाराल तर मी ते बूट सांगेन.

हे त्याच्या चांगुलपणामुळे झालं असं आत्या म्हणेल. थोडंफार असेलही. पण इथे १९७४ पासून बाळंतपणाच्या रजेच्या जागी आई-बाप दोघांची पालक रजा आली, एका मुलामागे एकूण ४८० दिवस, आणि त्यातले ९० दिवस प्रत्येकाच्या नावावर राखीव, ते जोडीदाराला देता येत नाहीत. बापाने नाही घेतले तर ते दिवस वाया जातात. एवढ्या एका नियमाने ऑफिसमध्ये बापाला कारण द्यावं लागत नाही, उलट का घेत नाहीयेस असं विचारतात. मूल आजारी पडलं की पगाराच्या जवळपास ऐंशी टक्के भरपाई मिळून घरी राहता येतं, त्याला 'वाब' म्हणतात, आणि फेब्रुवारीत मुलं इतकी आजारी पडतात की लोक त्या महिन्यालाच वाबरुआरी म्हणतात. माझा मॅनेजर, पन्नाशीचा माणूस, मीटिंगमधून उठून मुलीला आणायची वेळ झाली असं मोठ्याने सांगून निघतो.

आता आपल्याकडचं बघा. २०१७ मध्ये आपण कायदा बदलला, बाळंतपणाची रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे केली, चांगलंच केलं. पण बापाला काय? केंद्र सरकारी नोकरीत १५ दिवस, आणि खासगीत कायद्याने काहीच नाही, कंपनीच्या मनावर. म्हणजे मूल आईचं हे कायद्यानेच पहिल्या दिवसापासून लिहून ठेवलं. मग २०२३ मध्ये नारायण मूर्ती म्हणाले तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं, त्यावर देशभर महिनोन्‌महिने वाद झाला, उत्पादकता, चीन, जर्मनी, सगळं झालं, पण दिवसाला बारा तास ऑफिसात घालवणाऱ्या त्या तरुणाचा डबा कोण भरणार आणि त्याच्या मुलाला ताप आला तर कोण जाणार हा प्रश्न मला त्या वादात फार कमी ठिकाणी दिसला. सरकारच्याच २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात आहे की घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ८८, आणि लक्षात घ्या, ही फक्त त्याच पुरुषांची सरासरी आहे जे मुळात घरात काही करतात. हे २८९ आणि ८८ दादाच्या घरात मला नुसते दिसत नाहीत, ऐकू येतात. वहिनी फोनवर बोलताना मागे कुकरची शिट्टी असते, दादा बोलताना मागे टीव्ही.

हो, मला माहितीय यावर ग्रुपवर लगेच काय उत्तर येईल. तिकडे सगळं सोपं, सरकार सांभाळतं. तसं नाहीये. मोठीच्या बाळंतपणात माझी आई व्हिसामुळे वेळेवर येऊ शकली नाही, शेक-शेगडी नाही, डिंकाचे लाडू नाहीत, टाके दुखत असताना मी स्वतः कपडे धुवायच्या खोलीत तळघरात चढउतार केली. डिसेंबरात साडेतीनला अंधार पडतो आणि दोन मुलांना बर्फाचे कपडे चढवता चढवता रोज सकाळी जीव मेटाकुटीला येतो. आजी नाही, काका नाही, शेजारी मूल टाकून जाता येत नाही. आणि इथल्या बायकाही सुटलेल्या नाहीत, पन्नास वर्षांनंतरही पालक रजेतले साधारण ३० टक्केच दिवस पुरुष घेतात, मूल आठ वर्षांचं होईपर्यंत कामाचे तास कमी करून घ्यायचा हक्क दोघांना आहे तरी तो जास्त करून आयाच वापरतात आणि मग त्यांचं पेन्शन कमी होतं. माझ्या विणकामाच्या खोलीतली सत्तरीची बाई हेच सांगते.

पण इथे एक गोष्ट दिसते जी घरी असताना मला दिसत नव्हती. वहिनी नोकरी करू शकली ती माझ्या आईच्या जिवावर. निवृत्त झाल्यावर आईने भजनी मंडळ सुरू केलं होतं, ते नातवंडं आल्यावर सुटलं. आणि आईच्या गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा कामाच्या मावशी दोन्ही वेळच्या पोळ्या करायला यायला लागल्या, त्या पहाटे उठून आधी स्वतःच्या घरचा स्वयंपाक करून येतात, आणि त्यांची मोठी मुलगी धाकट्या भावाला सांभाळते. म्हणजे आपल्याकडे एका बाईची सवड दुसऱ्या बाईच्या अंगावरून येते, तिची तिसरीच्या, आणि ही साखळी घरातल्या पुरुषापाशी एकदाही थांबत नाही. आत्याला मी हेच लिहिलं. आवड वहिनीला वीस वर्षं आहे. आईलाही होती. मावशींना कशाची आवड आहे हे आपल्यातल्या एकानेही कधी विचारलेलं नाही, मी पण नाही, आणि त्याची मला लाज वाटते.

आणखी एक. आईला हौस नव्हती असं घरात म्हणतात. आई गोधड्या शिवायची, दुपारी दोन ते चार, जुन्या लुगड्यांचे थर लावून, धावदोरा इतका सरळ की फूटपट्टी लावावी. ते काम समजलं जायचं म्हणून तिला कुणी अडवलं नाही. उपयोगाचं काही निघालं तर बाईची आवड चालते, पण वहिनीच्या बागेश्रीचं पांघरूण होत नाही ना, म्हणून तिला दहावी आडवी येते.

मी इथे विणते त्याला ट्रासमात्ता म्हणतात, चिंध्यांची सतरंजी. उभा ताणा सुताचा, आणि बाण्याला जुन्या कपड्यांच्या दोन बोटं रुंद पट्ट्या. गेल्या वर्षी आईच्या तीन सुती साड्या आणल्या होत्या. काठाला कात्रीने एक चीर द्यायची आणि दोन्ही हातांनी ओढायचं, सुती साडी चर्र करत शेवटपर्यंत सरळ फाटत जाते, त्या आवाजाने पहिल्यांदा माझ्या पोटात कालवलं. धोटा टाकायचा, फणी ओढून ठोकायची, परत. अबोली रंगाची ओळ आली की मला आईचा पदर दिसतो. तीन तासांत वीतभर होतं. त्या तीन तासांत मला कुणीही आई म्हणून हाक मारत नाही आणि मला ते हवं असतं, मुलांवर जीव असूनही हवं असतं. सतरंजी पूर्ण झाल्यावर व्हिडिओ कॉलवर आईला दाखवली, तर ती म्हणाली, "पायाखाली नको घालूस हां." मी बाकावर अंथरलीय.

ग्रुपवर माझ्या लांबलचक मेसेजवर आत्या काही बोलली नाही. दोन दिवसांनी दादाने मला एकटीला मेसेज केला, बुधवार-शुक्रवार मी बघतो, तिला भाजी काय करायची ते सांगून जायला सांग. मी त्याला लिहिलं, अरे दादा, भाजी कुठली हे पण तूच ठरव, फ्रिज तुझ्याच घरात आहे. त्याने पहिल्या बुधवारी मुगाची खिचडी केली, मीठ कमी पडलं म्हणे, मुलांनी खाल्ली. वहिनीने क्लासमधून परत येताना रिक्षातून मला आवाजी मेसेज पाठवला, मागे ट्रॅफिक, आणि ती बागेश्रीची आलापी गुणगुणत होती, गळा अजून बसका आहे, वरचा सा लागत नाही म्हणाली, शुक्रवारी परत बघते.