धरणग्रस्तांना ‘सरकारचे जावई’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेले काही दिवस व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: “धरणग्रस्त म्हणजे सरकारचे जावई. जमीन फुकट, घर फुकट, वर रोख पैसे आणि घरटी नोकरी. फाळणीनंतर सिंधी लोक नेसत्या वस्त्रांनिशी आले, कुणापुढे हात न पसरता एका पिढीत त्यांनी उल्हासनगर उभं केलं. यांना सगळं मिळूनही तिसरी पिढी मोर्चे काढते. पूर्वीच्या लोकांनी देशासाठी हसत हसत जमिनी दिल्या, आताचे लालची झाले.” खाली हात जोडलेले आणि ‘कटू पण सत्य’.

असे मेसेज मी एरवी वाचतही नाही. हा मला माझ्या सख्ख्या भाच्याने पाठवला, “मावशी, बघ किती बरोबर लिहिलंय” म्हणून. त्याच्या आजीचं, म्हणजे माझ्या आईचं माहेर कोयनेच्या जलाशयात आहे. म्हणून बसून लिहिते आहे. त्याच्यासाठी, आणि त्याने ज्यांना ज्यांना हा मेसेज पुढे पाठवला त्या सगळ्यांसाठी.

‘फुकट’पासूनच सुरुवात करू. महाराष्ट्र प्रकल्पबाधित व्यक्तींचे पुनर्वसन अधिनियम, १९९९ हा कायदा कुणालाही काढून वाचता येतो. पर्यायी जमीन हवी असेल, तर बुडालेल्या जमिनीच्या मोबदल्यातली ६५ टक्के रक्कम सरकारकडे भरावी लागते, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे जमीन सरकारने घेतली, तिची किंमत सरकारनेच ठरवली, आणि त्या किमतीतल्या शंभरातले पासष्ट रुपये दुसऱ्या जमिनीसाठी परत सरकारलाच द्यायचे. ज्याने ते भरले नाहीत किंवा ज्याला ते भरता आले नाहीत, त्याचा अर्ज तिथेच अडला. याच ६५ टक्क्यांवरून वर्षानुवर्षं कोर्टात खटले चालले आहेत. मिळालेल्या जमिनीच्या सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ असा शेरा येतो, म्हणजे परवानगीशिवाय ती विकता येत नाही. गावठाणात मिळतो तो प्लॉट. त्यावरचं घर ज्याचं त्याने बांधायचं. यातलं फुकट काय आहे ते मेसेज लिहिणाऱ्याने एकदा दाखवून द्यावं.

आणि हा कायदासुद्धा नंतरचा. कोयनेत पाणी साठायला लागलं ते १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा राज्याचा पहिला कायदा आला १९७६ साली. मधल्या काळात हाताशी होता तो इंग्रजांचा १८९४ चा भूसंपादन कायदा. जमीन कशी घ्यायची आणि पैसे कसे मोजायचे एवढं त्यात होतं. माणसं पुढे कुठे जातील, काय खातील, याबद्दल त्यात काही नव्हतं. बलुतेदार, शेतमजूर, गावच्या राईवर आणि गायरानावर जगणारे, ज्यांच्या नावावर काहीच नव्हतं, त्यांचा तर प्रश्नच मिटला. कागदावर ते नव्हतेच, मग त्यांचं बुडालं तरी काय, असा हिशेब.

आता उल्हासनगर. या मुद्द्यावर मी सगळ्यात जास्त चिडले आहे, कारण यात एका उखडलेल्या माणसाला दुसऱ्या उखडलेल्या माणसाविरुद्ध उभं केलंय.

सिंधी निर्वासितांच्या कष्टांबद्दल शंका घेण्याचं कारणच नाही. कल्याणजवळच्या, दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी बांधलेल्या बराकींत त्यांना ठेवलं होतं. एकेका बराकीत पडदे बांधून कुटुंबं राहिली. माणसांनी लोकलमध्ये गोळ्या-बिस्किटं विकली, बायकांनी घरी पापड लाटले. हे सगळं खरं आहे. पण “कुणापुढे हात न पसरता” हे शब्द खोटे आहेत, आणि त्या लोकांवरही अन्याय करणारे आहेत, कारण सरकारकडे आपला हक्क मागण्यात लाज वाटण्यासारखं काहीच नव्हतं. सप्टेंबर १९४७ मध्येच केंद्र सरकारने निर्वासितांसाठी स्वतंत्र मंत्रालय काढलं. १९४८ मध्ये त्यांना धंद्यासाठी कर्ज देणारी यंत्रणा कायदा करून उभी केली. छावणीची वसाहत झाली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते तिचं उल्हासनगर झालं. १९५४ मध्ये विस्थापितांच्या भरपाईचा आणि पुनर्वसनाचा कायदा झाला, मागे राहिलेल्या मालमत्तेचे दावे तपासून त्यावर भरपाई ठरली. ती पुरेशी होती असं मी म्हणत नाही. पण देशाने सात वर्षांत त्यांच्यासाठी मंत्रालय, कर्ज, वसाहत आणि कायदा एवढं केलं. कोयनेच्या माणसांना पाणी साठल्यावर तेवढ्याच काळात यातलं एक तरी मिळालं का?

दुसरी गोष्ट मेसेजवाल्याला सुचलीच नसेल. त्या निर्वासितांत व्यापार करणारे पुष्कळ होते, आणि व्यापाराचं ज्ञान माणसाबरोबर प्रवास करतं. शेतकऱ्याचं ज्ञान त्याच्या मातीला बांधलेलं असतं. माझी आजी सह्याद्रीच्या ऐन पावसाच्या खोऱ्यातली. भात, नाचणी, वरी, डोंगरउतारावरची शेती. कुठल्या झऱ्याला कधीपर्यंत पाणी, कुठल्या रानात कधी कोणती भाजी, हे तिला तोंडपाठ होतं. तिला नेऊन ठेवलं सांगली जिल्ह्याच्या कोरड्या रानात. तिथे नाचणी नव्हती, ज्वारी होती. ज्वारी उपटताना तिचे तळहात सोलून निघायचे आणि शेजारच्या बांधावरच्या बायका हसायच्या, असं आई सांगते. वयाच्या तिशीत, पदरात मुलं असताना, ती बाई शेती पहिल्यापासून शिकली. तेही दुसऱ्याच्या शेतावर रोजाने जाऊन, कारण स्वतःची जमीन तेव्हा फक्त कागदावर होती.

का, तर आजोबांना जी जमीन मिळाली ती आधीच कुणाच्या तरी वहिवाटीत होती. मूळ मालक नांगर सोडायला तयार नव्हता. त्याची बाजूही मला कळते, त्याच्याही जमिनीचा तुकडाच गेला होता. सरकारने एकाचं काढून दुसऱ्याला दिलं आणि दोघांना बांधावर समोरासमोर उभं करून कचेरी बंद केली. मोजणी झाली, कब्जेपट्टी म्हणजे ताबा दिल्याचा कागदही झाला, पेरणी मात्र दुसऱ्याचीच. आजोबा बाजार समितीत हमाली करत राहिले. ताबा मिळाला तेव्हा आई लग्नाची झाली होती. माझ्या भाच्याला हे माहीत नाही. त्याला एवढंच माहीत आहे की आजीच्या माहेरची शेती सांगलीकडे आहे.

मला विचाराल तर जमिनीपेक्षाही वाईट गोष्ट वेगळीच होती. वसाहतीत पहिलं माणूस गेलं तेव्हा गावाने आपल्या स्मशानात जाळू दिलं नाही. ओढ्याकाठी, पाहुण्यासारखं, त्या म्हाताऱ्याला अग्नी द्यावा लागला. १९९९ च्या कायद्यातल्या नागरी सुविधांच्या यादीत पिण्याचं पाणी, शाळा, रस्ता, गटार यांच्याबरोबर स्मशानभूमीही आहे. ती कुणी लाड म्हणून घातलेली नाही. अनेक वसाहतींत मेलेल्या माणसाला जागा मिळाली नाही, म्हणून ती कायद्यात लिहावी लागली.

‘रोख पैसे उडवले’ हा आणखी एक आवडता आरोप. उडवले असतीलही काहींनी. ज्या घरात वर्षाकाठी मीठ, कापड आणि तेलापुरतीच रोकड यायची, त्या घरात एकदम पैसे आले आणि त्याच वेळी भात, सरपण, चारा, कुड, पेंढा सगळं विकत घ्यायची वेळ आली. ते पैसे कशात गेले हे शोधायला फार हुशारी लागत नाही. जागतिक बँकेत काम केलेले समाजशास्त्रज्ञ मायकेल चेर्निया यांनी विस्थापितांपुढचे आठ धोके मांडले आहेत. त्यात जमीन, काम आणि घर जाण्याबरोबर सामायिक साधनं जाणं आणि समाजाची वीण उसवणं हेही आहेत. मोबदल्याच्या तक्त्यात या शेवटच्या दोन गोष्टींचा दर कुठेच नसतो. भावकी तीन जिल्ह्यांत विखुरली, ग्रामदेवतेचे टाक एका वाडीने नेले आणि जत्रा दुसरीकडे भरायला लागली, सुईण एका वसाहतीत आणि तिने सोडवलेल्या बाया दुसऱ्या वसाहतीत. याची भरपाई कोण किती लावणार?

‘घरटी नोकरी’ हे तर निव्वळ अज्ञान. प्रकल्पग्रस्तांना सरकारी नोकरीत ५ टक्के समांतर आरक्षण आहे, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या जागांतच त्यांचा वाटा. परीक्षा द्यावी लागते, गुणवत्ता यादीत यावं लागतं. प्रकल्पग्रस्त असल्याचा दाखला आहे म्हणून कुणी घरी येऊन नेमणूकपत्र देत नाही. आमच्या वसाहतीत दाखले लॅमिनेट करून ठेवलेली आणि वय उलटून गेलेली मुलं मला माहीत आहेत.

हो, बोगस दाखले निघतात. दाखल्यांचा बाजार करणारे दलाल आहेत, आणि कुणाच्या तरी नावाच्या पर्यायी जमिनी लाटणारेही आहेत. हे मला मान्य करावंच लागेल. काही धरणग्रस्तांना लाभक्षेत्रात, म्हणजे धरणाच्या पाण्याने भिजणाऱ्या भागात, चांगली बागायती जमीन मिळाली आणि त्यांची मुलं आज सुस्थितीत आहेत, तेही खरं. पण बोगस दाखला घेणारा धरणग्रस्त नसतो, म्हणूनच तो बोगस. त्याने चोरली ती जागा खऱ्या धरणग्रस्ताची. त्याच्या चोरीचा ठपका ज्याचं चोरलं त्याच्यावर ठेवायचा?

आणि लाभक्षेत्राचं बोलायचं तर कोयना हे मुख्यतः विजेचं धरण. कृष्णेच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या बच्छावत लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी पश्चिमेकडे वळवून वीज करायला मुभा दिली. ते कोकणात पोफळीच्या बाजूने उतरतं आणि वाशिष्ठी नदीतून समुद्राला मिळतं. १,९६० मेगावॅट क्षमतेचा हा प्रकल्प मुंबई-पुण्याच्या कारखान्यांना चालवत आला. एखाद्या पाटबंधारे प्रकल्पाला जसं स्वतःचं भिजणारं शिवार असतं, तसं याच्याजवळ नव्हतं. म्हणून कोयनेची माणसं सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, रायगड, ठाणे अशी जिथे तुकडा सापडेल तिथे पांगली. जी पाण्याच्या वर, डोंगरात राहिली त्यांचे रस्ते बुडाले, तापोळा-बामणोलीकडे लाँच हीच त्यांची एसटी झाली. पुढे १९८५ मध्ये तिथे अभयारण्य आलं, २०१० मध्ये व्याघ्र प्रकल्प. काहींच्या नशिबी दुसऱ्यांदा उठणं आलं. या सगळ्यांना ‘जावई’ म्हणायला जीभ कशी रेटते?

‘पूर्वीचे हसत देत होते’, यावर फार लिहीत नाही. मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सत्याग्रह झाला. सेनापती बापट त्यात तुरुंगात गेले. ज्यांना ‘पूर्वीचे लोक’ म्हणताय, ते शंभर वर्षांपूर्वी ‘जान किंवा जमीन’ म्हणत होते. कोयनेची माणसं त्या मानाने मुकाट उठली, हे खरं. देश नवा होता, सांगणाऱ्या पुढाऱ्यांवर विश्वास होता. त्या विश्वासाला आज कुणी मूर्खपणा म्हणत नाही, पण तो पाळला गेला का हे विचारणाऱ्याला मात्र लालची म्हटलं जातं.

राहिली तिसरी पिढी. २०१८ मध्ये कोयनानगरला श्रमिक मुक्ती दलाचे डॉ. भारत पाटणकर यांच्या नेतृत्वाखाली धरणग्रस्तांनी मोठा ठिय्या दिला. त्यांच्या मागण्यांत एक मागणी काय होती माहीत आहे? संकलन. म्हणजे कुणाचं किती बुडालं, कुणाला काय मिळालं, कुणाचं काय राहिलं, याची पूर्ण यादी करा. धरण भरून अर्धं शतक उलटल्यावर लोक यादी मागत होते. जमीन देणं राहिलंच, कुणाला काय देणं आहे याची वहीसुद्धा पुरी नव्हती. मूळ खातेदार वारला, त्याचा मुलगा हेलपाटे घालून थकला, म्हणून आता नातू बसतो. मेसेज लिहिणाऱ्याच्या आजोबांची जमीन त्याच्या वडिलांच्या नावावर वारसनोंदीने आली असेल, उद्या त्याच्या नावावर येईल, आणि तलाठी त्याला तिसरी पिढी म्हणून परत पाठवणार नाही. माझ्या आजोबांची जमीन पाण्याखाली गेली नसती, तर तीही अशीच आली असती. तिच्या बदल्यात जे कबूल केलं होतं, त्यालाही वारस आहेत. त्यातला एक तू आहेस, बाळा. आजीजवळ जुन्या कब्जेपट्टीची प्रत आहे, ती बघायला ये.